मतदानाची सुट्टी नेमकी कोणाची?



१३ मे २०२४, सोमवार. लोकसभेचं मतदान. आम्ही सकाळी सात वाजल्यापासून वस्तीत दारोदार फिरत होतो. कोणाची चिठ्ठी मिळाली नाही, कोणाचं नाव कोणत्या शाळेच्या केंद्रावर गेलं, कोणत्या आजीला रिक्षा लागणार, हीच कामं. दुपारी बारापर्यंत म्हातारी माणसं आणि कॉलेजची पोरं मतदान करून आली होती. राहिल्या होत्या त्या धुणीभांडी करणाऱ्या बाया. आम्ही एका ताईंना फोन लावला, तर त्या म्हणाल्या, "भाऊ, आज साहेबाला सुट्टी हाय न. समदे घरीच हायेत, वरून पाहुणे बी यायलेत. आज तर डबल काम पडलंय. लवकर कशी सुटू?"

ताई पावणेसहाला धापा टाकत केंद्रावर आल्या आणि रांगेत उभ्या राहिल्या. त्यांचं मत पडलं. पण त्यांचं ते वाक्य आमच्या डोक्यातून गेलं नाही. साहेबाला मतदानासाठी मिळालेली सुट्टी ताईंच्या मतदानाच्या आड आली होती. एकाची सुट्टी म्हणजे दुसरीचं जादा काम, हा या देशाचा फार जुना हिशोब आहे, आणि लोकशाहीच्या दिवशीसुद्धा तो चुकत नाही.

दर निवडणुकीला आपल्या शहरात एक चर्चा होते. सिडकोतल्या, गारखेड्यातल्या सुशिक्षित मंडळींच्या ग्रुपवर संदेश फिरतात की मतदानाची सुट्टी रद्द करा, लोक मत देत नाहीत आणि म्हैसमाळला नाहीतर वेरूळला सहलीला जातात. २०२४ ला तर मतदान सोमवारी आलं, शनिवार-रविवार जोडून तीन दिवस झाले, आणि ही ओरड वाढली. सुट्टी दिली तर देशाचं किती नुकसान होतं याचे हिशोबही मांडले गेले. आम्हाला या चर्चेत एक गोष्ट खटकते. सुट्टी रद्द करा म्हणणारे आणि सुट्टीत सहलीला जाणारे हे दोघंही एकाच वर्गाचे लोक आहेत. सहलीला जाणाऱ्यांच्या गुन्ह्याची शिक्षा मात्र बिगारी कामगाराने भोगावी, असं त्यांचं म्हणणं आहे.

मुळात ही सुट्टी कोणाच्या मेहेरबानीची गोष्ट नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ चा. त्यात १९९६ साली दुरुस्ती करून कलम १३५ ब घालण्यात आलं. कोणत्याही धंद्यात, व्यापारात, कारखान्यात किंवा इतर आस्थापनेत काम करणाऱ्या आणि मताचा हक्क असणाऱ्या प्रत्येक माणसाला लोकसभा किंवा विधानसभेच्या मतदानाच्या दिवशी सुट्टी द्यावी, आणि तिचा पगार कापू नये, असं हे कलम सांगतं. त्याच्या पुढचं वाक्य फार कमी लोकांना माहीत आहे. ज्याला रोजावर काम आहे, म्हणजे कामावर नाही गेला तर ज्याचा रोज बुडतो, त्यालाही त्या दिवशीचा रोज मिळाला पाहिजे, जणू काही सुट्टी झालीच नव्हती. रोजंदारीवरच्या माणसाला भरपगारी सुट्टी! आम्ही नाक्यावर उभ्या असलेल्या मिस्त्री-बिगाऱ्यांना हे कलम वाचून दाखवलं तेव्हा ते हसले. त्यातला एक जण म्हणाला, "कायद्यात हाय, पण मुकादमाला कोण सांगावं?"

पुढे जाण्याआधी थोडं मागे जाऊ. सुट्टी ही गोष्ट आपल्या माणसाच्या वाट्याला कधी आली, ते पाहिल्याशिवाय या वादाचं मोल कळणार नाही.

बलुतेदारीत महाराला सुट्टी नव्हती. वतनदार महार म्हणजे सरकारचा आणि गावाचा चोवीस तासांचा नोकर. पाटलाचा निरोप, तलाठ्याचं दप्तर, सरकारी पाहुण्याचा घोडा, मेलेलं ढोर, सांगावा पोचवणं, कशालाही आणि केव्हाही बोलावणं येई. तो घरी नसेल तर त्याच्या बापाला नाहीतर बायकोला जावं लागे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात महार वतनाच्या दुरुस्तीचं बिल मांडलं, तेव्हा नेमकं हेच दुखणं पुढे केलं होतं. या नोकरीला वेळेची मर्यादा नाही, ती एकट्या माणसाची नसून सगळ्या घराची आहे, आणि तिचा मोबदला मात्र नगण्य आहे. ज्याच्या दिवसाचा एकही तास त्याच्या मालकीचा नाही, त्याच्या हातात मतपत्रिका देऊन तो स्वतंत्र नागरिक कसा होणार? वतनाचं बिल आणि मताधिकाराची मागणी बाबासाहेबांनी एकाच काळात लावून धरली, यामागे आम्हाला एक सलग विचार दिसतो.

मताच्या मागणीची तारीखवार गोष्ट आपल्याला ठाऊक आहेच, म्हणून थोडक्यात सांगतो. २७ जानेवारी १९१९ ला बाबासाहेब साऊथबरो समितीपुढे साक्षीला उभे राहिले. त्यानंतर आलेल्या १९१९ च्या कायद्यात मताचा हक्क लोकसंख्येच्या जेमतेम तीन टक्के लोकांना मिळाला. जमीनमहसूल भरणारे, कर भरणारे, म्हणजे ज्यांच्या दारात दुसरे लोक राबत होते तेच मतदार. १९२८ ला सायमन कमिशनपुढे बाबासाहेबांनी प्रौढ मताधिकार मागितला. १९३५ च्या कायद्यानंतरही मतदार लोकसंख्येच्या सातव्या हिश्श्याच्या आसपासच राहिले. त्या काळात मतदानाच्या दिवशी सुट्टी असावी का, हा प्रश्न कोणाला पडायचं कारण नव्हतं. मतदार बहुतेक असे होते की ज्यांना सुट्टी मागावी लागत नसे.

आता कामगारांकडे येऊ. आज आपण ज्या रविवारच्या सुट्टीला गृहीत धरतो, ती गिरणी मालकांनी प्रेमाने दिलेली नाही. तिच्यामागे महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे उभे आहेत. १८८४ साली त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. आठवड्याला एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार वेळेवर, एवढ्याच मागण्या. सहा वर्षं मालक हलले नाहीत. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले, आणि त्या सभेत दोन कामगार बायांनी भाषणं केली. १८९० साली! शेवटी १० जून १८९० ला मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आमच्याकडे निजामाच्या राज्यात आठवड्याची सुट्टी शुक्रवारी असे, ती कचेऱ्यांची. शेतात राबणाऱ्याला ना शुक्रवार होता ना रविवार.

भरपगारी सुट्टीची गोष्ट याहून पुढची, आणि तिच्यात बाबासाहेब स्वतः आहेत. १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. कारखान्यातल्या कामगाराला वर्षाला दहा दिवसांची भरपगारी सुट्टी देणारी फॅक्टरी कायद्याची दुरुस्ती त्यांनी मांडली आणि १९४५ साली तिचा कायदा झाला. पुढच्याच वर्षी आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आले. सुट्टी म्हणजे काम न करण्याची चैन, असं मालक मानत होते. सुट्टी घेतलेल्या दिवशीही मजुराची चूल पेटली पाहिजे, नाहीतर ती सुट्टी मजुराला परवडत नाही, हे साधं सत्य या दुरुस्तीने कायद्यात आणलं. १९९६ चं कलम १३५ ब याच विचाराच्या वाटेवर उभं आहे. त्या कलमात 'भरपगारी' हा शब्द नसता तर ते कलम गरिबासाठी दंड ठरलं असतं. मत दे आणि पाचसहाशेचा रोज गमाव, असा त्याचा अर्थ झाला असता.

मग आली पहिली निवडणूक. २५ ऑक्टोबर १९५१ ते २१ फेब्रुवारी १९५२, चार महिने चाललेली. सुमारे सतरा कोटी मतदार, बहुतेक निरक्षर, आणि प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, तिच्यावर चिन्ह. आपला मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. निजामाच्या प्रजेने आयुष्यात पहिल्यांदा मत दिलं ते याच निवडणुकीत. नागसेनवनात मिलिंद महाविद्यालयाची पायाभरणी होऊन तेव्हा काही महिनेच झाले होते. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या लोकसभेतल्या दोन जागांपैकी एक, करीमनगरची, याच हैदराबाद राज्यातून आली, दुसरी सोलापूरची. बाबासाहेब स्वतः मात्र उत्तर मुंबईत पडले.

या निवडणुकीतली एक गोष्ट आजच्या वादाला फार उपयोगी आहे. मतदार यादी करताना लाखो बायांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशी नोंद मान्य केली नाही, आणि सुमारे २८ लाख बायांची नावं यादीतून गेली. हक्क राज्यघटनेत होता, पण समाजाची रीत मध्ये आली. आमच्या धुणीभांडीवाल्या ताईंचं नाव आज यादीत आहे, स्वतःच्या नावाने आहे. त्यांची वेळ तेवढी दुसऱ्याच्या नावावर आहे.

२५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतल्या भाषणात बाबासाहेबांनी इशारा दिला होता की राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, अशा विसंगतीच्या आयुष्यात आपण शिरत आहोत. ही विसंगती पाहायला ग्रंथालयात जायची गरज नाही. मतदानाच्या दिवशी सकाळी वाळूजच्या कारखान्यांच्या गेटवर जाऊन उभं राहा. कायम कामगार सुट्टीवर असतात. आत जातात ते कंत्राटदाराची पोरं, साफसफाईच्या बाया आणि सिक्युरिटी गार्ड, ज्यांची पाळी बारा तासांची असते. सकाळी सातला कामावर जाऊन संध्याकाळी सातला सुटणाऱ्या माणसाला, सात ते सहा उघडं असणारं मतदान केंद्र काय उपयोगाचं? "अकरा तास केंद्र उघडं असतं, मग सुट्टी कशाला?" असं विचारणाऱ्यांनी एकदा ही पाळी करून बघावी.

एका विधानसभेच्या वेळी पाच कंत्राटी कामगार आमच्याकडे आले. मतदानाच्या दिवसाचा पगार कापला होता. आम्ही कायद्याची प्रत काढली, अर्ज लिहिला. सह्या करायची वेळ आली तेव्हा पाचाचे तीन झाले. दुसऱ्या दिवशी तीनाचा एक झाला. त्यालाही आम्हीच म्हटलं, राहू दे बाबा, तुझं घर चालू दे. आम्ही कार्यकर्ते म्हणून तिथे हरलो, हे कबूल करायला आम्हाला लाज वाटत नाही. पण ज्या कायद्याची तक्रार करणारा नोकरी गमावतो आणि मोडणारा फक्त पाचशे रुपये भरतो, तो कायदा कोणाच्या बाजूचा?

होय, पाचशे रुपये. कलम १३५ ब मोडणाऱ्या मालकाला जास्तीत जास्त पाचशे रुपये दंड. १९९६ साली ठरलेला आकडा आजही तोच आहे. याच्या शेजारचं कलम १३५ क बघा. तेही त्याच दुरुस्तीत आलं. मतदान संपेपर्यंतच्या ४८ तासांत दारू विकली तर सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवास किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणून ड्राय डेला शहरातले बार कडेकोट बंद असतात, पोलीस फिरतात, वर्तमानपत्रात फोटो येतात. (मागच्या दाराने काय चालतं ते सोडा.) शेजारच्या कलमासाठी मात्र कोणी फिरत नाही. दारू विकणाऱ्याला सरकार ओळखतं. मत बुडवणाऱ्याला ओळख देत नाही.

आता भोकं कुठे आहेत तेही पाहू. कायदा 'आस्थापना' म्हणतो. घरकामगार बाईचं कामाचं ठिकाण कोणाचं तरी घर असतं, म्हणून ती या शब्दात बसत नाही असंच मालक मानून चालतात. सालगड्याचं तसंच. पाडव्याला साल ठरतं, पुढच्या पाडव्याला संपतं, आणि मधले सगळे दिवस मालकाचे. दुसरं, हे कलम लोकसभा आणि विधानसभेपुरतं आहे. महानगरपालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायतीला सुट्टी मिळते ती राज्य सरकारच्या आदेशाने, आणि अशा आदेशांत 'पूर्ण सुट्टी शक्य नसल्यास काही तासांची सवलत' अशी पळवाट असते. आमच्या महानगरपालिकेची निवडणूक २०१५ नंतर थेट १५ जानेवारी २०२६ ला झाली. मधली काही वर्षं प्रशासकाचं राज्य. नळाला किती दिवसांनी पाणी येतं हे ठरवणारी ही निवडणूक, आणि तिच्या सुट्टीला लोकसभेइतकंही कायद्याचं बळ नाही. शिवाय तारीख अशी की आदल्या दिवशी नामविस्तार दिन. १४ तारखेला विद्यापीठ गेटवर यायला रोज बुडवणारा माणूस १५ ला पुन्हा रोज बुडवू शकतो का, असा विचार तारीख ठरवणाऱ्यांच्या टेबलावर आला असेल असं आम्हाला वाटत नाही.

आणि सगळ्यात मोठं भोक म्हणजे ऊसतोड कामगार. २०२४ ला विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला होतं आणि साखर कारखान्यांचा गाळप हंगाम १५ नोव्हेंबरपासून ठरला होता. बीड, जालना, आपला जिल्हा, इथली कोयती त्या सुमारास पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघालेली असतात. उचल घेतलेली, टोळी ठरलेली, पोरंबाळं ट्रॅक्टरवर. गावाबाहेर काम करणाऱ्यालाही कायद्याने सुट्टी आहे, पण फडात सुट्टी देऊन काय उपयोग? नाव गावच्या यादीत आणि माणूस तीनशे किलोमीटरवर. जाऊन येऊन दोन दिवस मोडतात, भाडं जातं, आणि मुकादम खाडा लावतो तो वेगळा. सैनिकाला टपाली मत आहे, ८५ वर्षांवरच्या वृद्धाला घरून मत देता येतं. निवडणूक आयोगाने जानेवारी २०२३ मध्ये स्थलांतरितांसाठी दूरस्थ मतदान यंत्राचा नमुना पक्षांपुढे ठेवला होता, पण पक्षांना शंका होत्या आणि गाडी तिथेच अडली. यंत्राविषयीच्या शंका आम्हालाही आहेत. पण पर्याय यंत्रच असला पाहिजे असं नाही. हंगामाची तारीख मतदानानंतर ठेवणं हा एका बैठकीत होणारा निर्णय आहे.

काही जण म्हणतात, रविवारी मतदान घ्या, सुट्टीचा प्रश्नच मिटेल. जर्मनी, फ्रान्समध्ये तसंच असतं. ऑस्ट्रेलियात शनिवारी असतं आणि मत देणं सक्तीचं आहे. अमेरिकेत १८४५ च्या कायद्यापासून नोव्हेंबरच्या मंगळवारी मतदान होतं, कारण तेव्हाच्या शेतकऱ्याला रविवारी चर्च आणि मग घोडागाडीचा प्रवास. आज तिथला कष्टकरी कामाच्या दिवशी रांगेत तास मोजतो. दक्षिण कोरियात मतदानाचा दिवस सार्वजनिक सुट्टीचा असतो. प्रत्येक देशाने आपला वार ठरवताना कोणाचा तरी आठवडा डोळ्यापुढे ठेवलेला असतो. आपल्याकडे रविवार ठेवला तर तो कोणाचा आठवडा असेल? बँकेचा, शाळेचा, सरकारी कचेरीचा. हॉटेलातल्या वेटरचा, मॉलमधल्या पोरीचा, भाजीवाल्या मावशीचा रविवार सगळ्यात जास्त राबण्याचा असतो. म्हणून रविवारच्या कल्पनेला आमचा विरोध आहे. ती आली तर पहिल्यांदा 'भरपगारी' हा शब्द जाईल.

आमच्याच चळवळीतले काही मित्र वेगळा मुद्दा काढतात. सुट्टीच्या दिवशी वस्तीत पैसे वाटले जातात, पोरं दिवसभर बूथवर पुढाऱ्याच्या वडापाववर राबतात, मग सुट्टीचा फायदा कोणाला? मुद्दा खरा आहे. पण पैसे सुट्टीच्या दिवशी वाटले जात नाहीत, आदल्या रात्री वाटले जातात. आणि ज्याचा रोज बुडाला आहे त्याला पाचशेची नोट नाकारणं जास्त अवघड असतं. त्याचा रोज त्याच्या खिशात हक्काने आला असेल, तर नोट देणाऱ्याच्या डोळ्यात डोळा घालून बोलायची ताकद थोडी तरी वाढते.

इतक्या थोड्या मतांनी काय फरक पडतो, असं कोणी म्हणत असेल तर आपल्याच शहराचे आकडे पाहावेत. २०१९ ला औरंगाबाद लोकसभेचा निकाल ४,४९२ मतांनी लागला. २०२४ ला औरंगाबाद पूर्व विधानसभेचा २,१६१ मतांनी. कोण जिंकलं नि कोण हरलं यावर आम्ही इथे बोलत नाही. पण वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा मिळून एका पाळीत जेवढे कंत्राटी कामगार गेटच्या आत जातात, त्यांचा विचार करा आणि हे आकडे शेजारी ठेवा.

म्हणून आमची मागणी सुट्टी ठेवा की काढा अशी नाही. सुट्टी राहिलीच पाहिजे, आणि ती कागदावरून गेटवर आली पाहिजे. पाचशेचा दंड दर कामगारामागे आणि आजच्या किमतीत व्हावा. तक्रार कामगाराने नावानिशी करण्याऐवजी संघटनेला करता यावी. कंत्राटी कामगाराच्या सुट्टीला कंत्राटदारासोबत मूळ कंपनीही जबाबदार धरावी. त्या दिवशीचं हजेरी पुस्तक आणि पगारपत्रक तपासलं की सगळं दिसतं, त्याला चौकशी समिती लागत नाही. घरकामगार आणि सालगड्याचं नाव कायद्यात स्पष्ट यावं. स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी राज्याने स्वतःचा कायदा करावा.

तोवर आम्ही एक छोटं काम सुरू केलं आहे. कलम १३५ ब मराठीत एका पानावर छापून घेतलं आहे आणि निवडणूक लागली की नाक्यावर, कंपनीच्या गेटवर आणि विहारात वाटतो. मागच्या वेळी ताईंनी त्यातला एक कागद मागून घेतला आणि मालकिणीच्या फ्रिजला चुंबकाने लावून आल्या. मालकीण वाचून काही बोलली नाही म्हणे. पण या वेळी ताई सकाळी साडेआठलाच मतदान करून आल्या, आणि आम्हाला म्हणाल्या, "आता तुमी मला फोन करू नका, दुसऱ्यांना करा."